तिथं कोणी राहत नाही

"तिथं कोणी राहत नाही," साहेब म्हणाले.

तिथं माझी आई राहत होती.

मी हॉलच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. समोर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर आमचा डोंगर होता. आमचाच. वर कडा, कड्याखाली उतार, उतारावर एकटा हिरडा. वीज पडून मोडलेली त्याची डावी फांदीसुद्धा तशीच. फक्त हिरड्याखालचं घर नव्हतं. तिथं गवत होतं. हिरवंगार, एकसारखं.

सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली गालिच्यावर पंधरा-वीस माणसं होती. सगळी आपलीच. पुण्याची, मुंबईची, ठाण्याची. शुक्रवारची सुट्टी.

"एकदम व्हर्जिन लँड," साहेब म्हणाले. "सह्याद्रीचा माथा. शेजारी नाही, आवाज नाही. पाच हजार दिरहम गुंठा."

"म्हणजे पासष्ट हजार रुपये," एकजण मोठ्याने म्हणाला. "पासष्ट हजारात पुण्यात पार्किंग मिळत नाही हो!"

एक बाई म्हणाल्या, "पण आपण वर्षातून एकदा जाणार. बंगला झाडणार कोण?"

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "ह्या आमच्या मावशी तिकडच्याच. अशी माणसं तिकडं हवी तेवढी. दोन वेळचं जेवण आणि वर थोडे पैसे द्या, बंगला आरशासारखा ठेवतील. जमिनीबरोबर माणसंही मिळतात."

कोणी राहत नाही, आणि माणसं हवी तेवढी. दोन्ही एकाच तोंडाने. कोणालाच खटकलं नाही.

"ह्या मावशी पण इन्क्लूडेड का?" मागून कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

"नाही हं, ह्या आमच्या," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे साहेबांची बायको. "भजी खाल्लीत ना? मी नाही सोडणार."

पुन्हा हसले.

"सांगा मावशी," साहेब म्हणाले. "कोण राहतं तिथं?"

माझं तोंड उघडलं नाही.

"माकडं असतील," एकाने सांगून टाकलं.

"लाजतात त्या," साहेब म्हणाले.

मी चहा दिला. सगळ्यांना दिला. दोन कप बिनसाखरेचे होते, ते ज्यांचे त्यांना बरोबर गेले. राग आला असं म्हटलं तर ते खोटं होईल. काहीच आलं नाही. ट्रे घेऊन आत गेले, भज्यांची कढई घासायला घेतली.

मी धनगरवाडीची. वाडी म्हणजे पाच घरं, तीही एकमेकांना हाक पोचणार नाही अशी. खालच्या गावातून वर यायला अर्धा दिवस चढायचं. शाळा खाली, म्हणून माझी शाळा चौथीपर्यंत. पावसाळ्यात तेवढीही नाही. लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नाही. मुंबईत लोकांकडे कामं केली. तिथल्या एका बाईने सांगितलं, आमच्या नात्यातल्यांना दुबईत स्वयंपाकाला बाई हवी आहे. गेले.

अल मनखूलमध्ये फ्लॅट. स्वयंपाकघराच्या बाजूला एक खोली, तिथं इस्त्रीचं टेबल, सुटकेसा आणि मी. माझा कप वेगळा, सिंकखालच्या कप्प्यात. फरशी पुसायच्या औषधाशेजारी. मला कोणी वाईट बोलत नव्हतं. मावशी म्हणत, अहो-जाहो करत. पण सख्ख्या मावशीचा कप सिंकखाली कोणी ठेवत नाही. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. "हरवेल तुमच्याकडून," म्हणाले होते. मी दुबईत पोचले त्याच दिवशी घेतला, तो तिथंच.

डोंगराचं मीच सांगितलं होतं. ताईंच्या डोक्याला तेल लावताना काहीतरी बोलायचं म्हणून. मे महिन्यातही गोधडी लागते. ढग घरात शिरतात. साहेब पेपर वाचत ऐकत असत. एकदा म्हणाले, "मावशी, तुमच्या गावाचं नाव काय म्हणालात?" मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं.

मग दुबई बसली. दोन हजार आठचं साल सरत आलं होतं. साहेबांची कंपनी घरं बांधायची, ती बंद पडली. साहेब घरी. इमारतीतली दोन कुटुंबं कोणाला न सांगता निघून गेली. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या गाड्या धुळीने पांढऱ्या झाल्या.

साहेबांनी स्वतः एक फ्लॅट बुक केला होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्याही पुढे, वाळूत. दर शुक्रवारी सगळ्यांना गाडीत घालून तो बघायला न्यायचे. मलाही न्यायचे, डबे असत म्हणून. तिथं एक खड्डा होता. खड्ड्यात गंजलेल्या सळया. वर एक क्रेन, हलायची नाही. कुंपणावर टॉवरचं चित्र. साहेब खड्ड्याच्या काठाशी उभे राहायचे आणि बोट वर करायचे. "अठरावा मजला. तो बघ, आपली बाल्कनी."

त्यांची मुलगी म्हणायची, "डॅडी, देअर इज नथिंग देअर."

"येणार गं. इन्शाल्ला."

मी त्या बोटाच्या दिशेने बघायची. आकाश होतं. मला साहेबांची कीव यायची. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे आली नाही.

नंतर साहेब पुण्याला जाऊन आले. तिथल्या एका मित्राबरोबर जमिनीचं काम काढलं, म्हणाले. इथल्या माणसांचे इथं पैसे बुडाले, आता गावाकडच्या मातीत घालतील. मला कुठली जमीन ते सांगितलं नाही. मी टीव्हीवर बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना नाश्ता देताना विचारलं. "साहेब, घर कुठं गेलं?"

"कुठलं घर?"

"हिरड्याखालचं. आई असते तिथं."

"अच्छा, ते होय. ते फोटोतून काढलं. गवताचं छप्पर, बाहेर चुलीचा धूर. फोटो खराब होत होता."

"आणि आई?"

"आईंना खाली गावात छान खोली घेऊन देऊ. डॉक्टर जवळ, सगळं जवळ. ह्या वयात वर एकट्या कशाला?" पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "आणि हो, तुमची एक सही लागेल. वडिलांच्या मागे तुमचंही नाव लागलंय त्या जमिनीला."

मला ते माहीत नव्हतं. माझं नाव कुठे लागलेलं असेल असं वाटलंच नव्हतं.

"पडून आहे हो ती," साहेब म्हणाले. "काही पिकत नाही."

आमच्याकडे एक उतार पेरतात आणि बाकीचे सोडतात. नाचणी, मग वरी, मग ती जमीन काही वर्षं तशीच ठेवायची. झुडपं वाढतात, गुरं चरतात, माती जाड होते. मग पुन्हा तिची पाळी. दरवर्षी पेरली तर सगळी माती पावसात खाली नदीत जाईल. जमीन बघायला आलेल्या माणसांनी सोडलेला उतार बघितला आणि रिकामी जमीन म्हणून लिहून घेतली. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मोबाईल बघत मान हलवली आणि लोणचं मागितलं.

भावाला फोन लावला. भाऊ मुंबईला गोदीत होता, धाकटी बहीण सासरी, आई वर एकटी.

"आक्का, सही दे गं," तो म्हणाला. "मी दिलीया. धाकटीनंबी दिली."

"आईचं काय?"

"रस्ता आणत्यात म्हणं वरपातूर. लाईटबी. आई काय, म्हातारी झाली, अंगठा दील."

"तिला इचारलंस?"

"बहिणी सोडत्यातच की हक्क. तू काय नवी हाईस? साडीचोळी करीन चांगली. भारीतली."

हे खरं होतं. आमच्यात बहीण हक्क सोडते. आत्याने सोडला होता, आजीने सोडला होता. भाऊ साडी नेसवतो, ती सही करते, मग माहेर शाबूत राहतं. न सोडणारी बहीण मी पाहिलेली नव्हती. मीही सोडलाच असता. भावासाठी सोडला असता. डोंगरावर, आईसमोर, कपाळाला कुंकू लावून सोडला असता, आणि कधी त्यावर विचारही केला नसता.

पण माझ्या डोक्यात तो टीव्ही होता. घर पुसलेला. भांडी घासताना, कणीक मळताना, सारखा. त्यातही दुखत काही नव्हतं. दातावर इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं. बोट लावलं तर कळतं की काहीतरी आहे.

साहेबांनी मुखत्यारपत्र तयार केलं. म्हणजे माझ्या वतीने सही करायचा हक्क त्यांच्या मित्राला. ते वकिलातीतून करून घ्यावं लागतं. घरापासून जवळच. तरी गाडीने नेलं. ताईंनी मला त्यांची जुनी चांगली साडी नेसायला दिली.

"यल्ला, चला मावशी, दहा मिनिटांचं काम," साहेब म्हणाले. "मग तुम्हाला फालुदा."

खिडकीमागे एक पोरगेला माणूस होता. साहेबांनी कागद सरकवले, त्यावर माझा पासपोर्ट ठेवला. खिशातून शाईचा पॅड काढला.

"मला सही येते," मी म्हणाले.

"हो का? मग तर उत्तमच."

खिडकीमागचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "अम्मा, पेपर समझ लिया? अपनी मर्ज़ी से साइन कर रही हो?"

सगळ्यांनाच विचारत असेल. मागेही रांग होती, त्यांनाही विचारलं असेल. पण मला त्या शहरात तोवर कोणी मर्जी विचारली नव्हती. जेवलात का, तेसुद्धा नाही.

"नहीं," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं.

"घाबरल्यात त्या," साहेब हसले. "भाईसाब, गाँव की औरत है. मावशी, हो म्हणा."

"नहीं. मर्ज़ी नहीं है."

"मावशी!"

"वहाँ मेरी माँ रहती है," मी म्हणाले. हॉलमध्ये जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आत्ता आलं.

त्या माणसाने कागद परत सरकवले. पुढचा नंबर बोलावला. एवढंच झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी साहेबांना काही म्हटलं नाही. माझा पासपोर्ट कागदांवरच होता. साहेबांचा हात येण्याआधी मी तो उचलला आणि पोलक्यात घातला. तिथून काढायची त्यांची हिंमत नव्हती.

साहेबांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, व्हिसा माझ्या सहीवर आहे?"

"मग करा सही. तुमचीच आहे ना."

घरी ताई वाट बघत होत्या. साहेबांचं तोंड बघून त्यांना कळलं. अहो-जाहो तिथंच संपलं.

"आमचं मीठ खाल्लंस तू," त्या म्हणाल्या. "घरातल्यासारखं ठेवलं तुला."

"मीठ मीच टाकत होते, ताई."

"बघितलंस? बघितलंस कशी बोलते? ह्या लोकांवर उपकार करूच नयेत."

मुलगी खोलीतून बाहेर आली. "मम्मा, इज मावशी लीव्हिंग? देन हू विल मेक माय टिफिन?"

त्या मुलीचा मला राग नाही. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. मी तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीचे पराठे करून ठेवले. माझा कप घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

साहेबांनी व्हिसा खलास केला. मी परत आले.

वर पोचले तेव्हा आई शेणी थापत होती. हात न धुताच म्हणाली, "सुटी मिळाली?"

"सुटले," मी म्हणाले.

"खाल्लंस काय?"

भाऊ तीन वर्षं बोलला नाही. दिवाळीला धाकटीकडे गेला, माझ्याकडे नाही. रस्ता आला नाही. शेजारच्या सोंडेवरची जमीन गेली. तिथल्या बहिणींनी सह्या दिल्या होत्या. तिला लोखंडी गेट आहे, इंग्रजी पाटी आहे, नंबर घातलेले दगड आहेत. बंगला एकही नाही. गुरं गेटाच्या बाजूने आत जातात. साहेब पुढे दुसऱ्या कुठल्या देशात गेले, असं ऐकलं. त्यांच्या खड्ड्याचं काय झालं, मला माहीत नाही.

आई तिच्या घरात मेली. स्वतःच्या अंथरुणावर, चुलीजवळ. तिला आम्ही उताराच्या खाली पुरलं. त्या दिवशी भाऊ आला. माती टाकून झाल्यावर हिरड्याखाली बसला. म्हणाला, "बरं झालं आक्का, घर होतं." सहीचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. काढला तरी माझं उत्तर तेच आहे. साडी आणली तर ठेवून घेईन. सही नाही. त्याच्या पोरींनाही मी हेच सांगून ठेवलं आहे, त्याच्यादेखत.

अजून माणसं येतात. मागच्या हिवाळ्यात दोघे आले. बूट, काळे चष्मे. वर उडणारा कॅमेरा आणला होता. माशीसारखा घोंघावत उतारावर फिरायला लागला. मी हातातलं खुरपं टाकलं आणि मोकळ्या उताराच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"आजी, जरा बाजूला व्हा की," एकजण ओरडला. "फोटोत येताय."

"येऊ दे."

"दोन मिनिटं फक्त. रिकामी जमीन दिसली पाहिजे."

मी हलले नाही. कॅमेरा माझ्या डोक्यावर बराच वेळ राहिला, मग खाली आला. त्यांनी तो पिशवीत भरला. जाताना एकाने विचारलं, "ओनर कोण आहे ह्याचा? राहतं का इथं कोणी?"

मी राहते.