आनंदाची मोजणी

रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेला आनंदा हुबळीच्या छोट्या मराठी चर्चची दारं-खिडक्या उघडायचा, घंटा वाजवायचा आणि उपासना सुरू झाली की मागच्या दारापाशी उभा राहून माणसं मोजायचा. माणूस सरळ. खोटं बोलायचं नुसतं मनात आलं तरी त्याला घाम फुटे. म्हणूनच दोन हजार साली साधनाताईंनी त्याची हजेरीवही सगळ्यांसमोर उघडली, तेव्हा लोक चाट पडले.

चर्चच्या या मंडळीच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करायला त्या रविवारी उपासनेनंतर सभा बसली होती. तरुण पोरं पुण्या-बंगळुरला गेलेली. पाळकसाहेबांचं म्हणणं, ही इमारत बंद करावी, कोप्पीकर रोडपलीकडच्या मोठ्या कन्नड मंडळीत सामील व्हावं आणि दोघांनी मिळून नवनगरात दवाखाना चालवावा.

"वहीत चाळीस," शाळेत शिकवणाऱ्या साधनाताई म्हणाल्या. "मी मोजले तर एकोणतीस. आनंदाण्णा, हे वरचे अकरा कुठले हो?"

"दिसतात तेवढे लिहितो, अक्का."

लोक खो खो हसले. आनंदाला हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी त्याची बायको लक्कव्वा गेली, आणि महिन्याभरात ती तिसऱ्या बाकावर आपल्या जागी पुन्हा दिसू लागली, पाठमोरी, ओल्या केसांचा अंबाडा घातलेली. मग मंडळीतले आणखी गेलेले एकेक करून आपापल्या बाकावर येऊन बसले. मागे वळून कोणी बघत नसे. एकदा आनंदा धीर करून पुढे गेला, तर बाक रिकामा, फक्त लाकूड उबदार. पुन्हा पुढे जायची त्याची छाती झाली नाही. पाठ तर पाठ, रविवारी दिसते ना, एवढ्यावर बापडा आठवडा काढायचा. इमारतीला कुलूप लागलं की तेही संपणार होतं.

या मंडळीत मत उभं राहून देत, आणि मोजणाऱ्यानं आपलं मत शेवटी द्यायचं. आधी 'नको' म्हणणारे उठले. जिवंत चौदा. गेलेल्यांपैकी कोणीही हललं नाही.

"आता 'हो' म्हणणारे," पाळकसाहेब म्हणाले. उरलेले चौदा उठले. पण सगळ्यांच्या आधी उठली ती लक्कव्वा. तिच्यामागोमाग बाकीचे दहा.

"चौदा-चौदा," साधनाताई म्हणाल्या. "आनंदाण्णा, तुमचं राहिलं."

लक्कव्वा रायापूरच्या कन्नड घरातली. सव्वीस वर्षं ती नवऱ्याच्या मराठी उपासनेला आली, गाण्यांना नुसते ओठ हलवत राहिली आणि घरी परतल्यावर चुलीपुढे हळू आवाजात कन्नडात प्रार्थना करत राहिली. तुला तिथलं काही कळतं का गं, असं आनंदानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"हौदु," तो कन्नडात म्हणाला. हो.

तेव्हा लक्कव्वा वळली. चार वर्षांनी तिचा चेहरा दिसला. ती बाकांमधून सरळ त्याच्याकडे चालत आली, त्याच्याकडे एकवार पाहून दारातून बाहेर पडली. मागून दुसरे येऊ लागले.

"आनंदाण्णा, दार कशाला धरून उभे?" साधनाताईंनी विचारलं.

आनंदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्यानं दार सोडलं नाही.