चौदा पोरं आणि मी

नव्वदच्या आसपास मी जालन्यातल्या एका मुलांच्या सुधारगृहात काळजीवाहक म्हणून लागलो. समाजकार्याची पदवी ताजी होती आणि गळ्यात शिट्टी होती. पोरं चोऱ्यामाऱ्या करून नाहीतर घरातून पळून आलेली. त्यांना सुधारायला मला सहा महिने पुरतील असा माझा अंदाज होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या चपला विहिरीत टाकल्या. त्यावर मी दुसऱ्याच्या वस्तूचा मान कसा राखावा, या विषयावर अनवाणी भाषण दिलं.

खरं सांगायचं तर मला एकच काम नीट जमायचं, ते म्हणजे पोरं मोजणं. उठल्यावर मोजायचं, ताटावर बसल्यावर मोजायचं, अंथरुणं पडल्यावर मोजायचं. पोरं चौदा होती. त्यातला एक हसनाबादकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, दोनदा पळून गेलेला. त्याला मी प्रत्येक वेळी दोनदा मोजायचो. बोलायचा कमी, पण कबड्डीत त्याला धरणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं.

तीर्थपुरीला कबड्डीचे सामने होते. पोरांवर विश्वास टाकला पाहिजे, बाहेर नेलं पाहिजे, अशी कटकट मी अधीक्षकांच्या मागे महिनाभर लावली. शेवटी ते वैतागले.

"न्या. पण एक जरी कमी आला तर पुन्हा नाव काढायचं नाही. आणि तो हसनाबादचा पळाला, तर सापडल्यावर सरळ मोठ्या शहरातल्या बंदिस्त गृहात जाईल. मग माझ्याही हातात काही नाही."

मी छाती पुढे काढून हो म्हणालो.

पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो, आणि त्याचं श्रेय बरंचसं माझं आहे. पोरं जागेवर आहेत का हे बघायला मी सारखी शिट्टी वाजवायचो आणि चढाई मध्येच थांबायची. शेवटी पंचांनी हात जोडले.

परतीची एसटी अंबडच्या स्टँडवर थांबली. मी मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं, तरी तेराच. हसनाबादचा दिसेना. "कुणी जागचं हलायचं नाही!" असं ओरडून मी खाली उडी टाकली. मुतारीमागे पाहिलं, रसवंतीत पाहिलं, उभ्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. विश्वास टाकायला निघालेला हा गृहस्थ मनातल्या मनात त्या पोराला शिव्या घालत होता.

टपरीवरच्या चहावाल्याने विचारलं, "काय हरवलं?"

"पोरगं."

"एकच होतं का?"

तेव्हा कुठे मी मागे वळलो. आमची एसटी उरलेली पोरं घेऊन जालन्याकडे निघून गेलेली होती.

काळीपिवळी जीपच्या मागे लटकून मी परतलो. वाटेत राजीनाम्याचा मजकूर जुळवला, पण त्याहून जास्त त्या पोराचं काय होणार याची भीती वाटत होती. दिवस मावळता मावळता फाटकात शिरलो. अंगणात पंगत बसली होती, पण ताटं रिकामी होती.

"साहेब, तो पळाला," मी धापा टाकत म्हणालो.

अधीक्षकांनी नुसतं बोट दाखवलं. तो रांगेच्या टोकाला उभा होता.

"यानेच सगळ्यांना जालन्याच्या स्टँडवरून इथवर आणलं," ते म्हणाले. "आल्या आल्या मला म्हणाला, साहेब, एक कमी हाय. मी गमतीनं म्हटलं, मग तुमचे सरच पळाले. तर माझ्याशीच भांडायला उठला. म्हणे, आमचे सर पळणारे न्हाईत, ते आल्याबिगर कुणी जेवणार न्हाई."

पोरं फिदीफिदी हसत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याविषयी असं एक वाक्य मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो.

तो जवळ आला. "सर, तुम्ही मला हुडकायला उतरल्ते ना?"

चहा प्यायला उतरलो होतो, असं सांगणार होतो. पण त्याच्याकडे बघून ते जमलं नाही. "हो," म्हणालो.

"मी मागच्या शीटवर आडवा झाल्तो. डोळा लागला. हाक मारायची ना, सर."

हाक मारायचं मला सुचलंच नव्हतं. मी फक्त मोजलं होतं.

"उभं राहा रांगेत," तो म्हणाला. मी मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिलो. तो एकेकाच्या अंगाला हात लावत मोजत आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "भरले बराबर! वाढा आता."