भागुबाईची कारेगावातली खोली

भागुबाई गायकवाडला कारेगावात खोली मिळाली ती आडनावाच्या पुण्याईवर. हे आडनाव बऱ्याच जातींत चालतं. घरमालकीणबाईंनी विचारलं, "म्हंजी आमच्यातल्याच की तुम्ही?" आणि भागुबाईनं नुसती मान डोलावली. त्याआधी किती दारांवरून हात हलवत परतली होती बिचारी. नवरा वारलेला, सासरच्यांनी बाहेर काढलेलं, रांजणगावच्या कंपनीत कँटीनचं काम. पाठ टेकायला जागा नको का बाईमाणसाला?

तेव्हापासून बाबासाहेबांची तसबीर पेटीत, लुगड्याच्या घडीत. चौदा एप्रिलला मिरवणूक दारावरून गेली, तेव्हा ही आत भाकरी थापत बसली. स्वतःचीच लाज वाटली तिला, पण उठली नाही.

धाकटा भाऊ ज्ञानदेव दौंडला रुळाकडेला झोपडी करून राहायचा. "अडीनडीला माझ्याकडं ये," असं तिनंच सांगून ठेवलं होतं. आल्यावर काय बोलायचं नाही, ते मात्र सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

झोपडी पाडली गेली आणि एका रविवारी ज्ञानदेव वळकटी खांद्यावर घेऊन अंगणात उभा राहिला. मालकीणबाई तिथंच लसूण सोलत होत्या.

"जय भीम, आक्का!" तो तोंडभरून म्हणाला.

मालकीणबाईंचा हात थांबला. भागुबाईला आपली पेटी रस्त्यावर पडलेली दिसली.

"कोण पायजे तुमाला?" ती म्हणाली.

सख्ख्या भावाला! ज्ञानदेवानं तिच्याकडं पाहिलं, मग मालकीणबाईंकडं. गडी पहिल्यापासून समजूतदार.

"चुकलं, बाई. घर दुसरंच दिसतंय," म्हणाला आणि वळला.

"दमला होता हो, पाणी तरी द्यायचं," मालकीणबाई म्हणाल्या. मग भागुबाई तांब्या घेऊन धावली, पण फाट्यावर तो कुठंच दिसला नाही.

तिनं फोन कितीदा लावला, तो उचलेना. बऱ्याच दिवसांनी त्यानंच केला.

"कुठं हायेस रं?"

"हाय स्टेशनाकडं, कुठंतरी. आक्का, तुझी खोली न्हाई ना गेली?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

त्यानं फोन ठेवला. भिंतीला लागूनच मालकीणबाईंचं स्वयंपाकघर, त्यामुळं भागुबाईला मोठ्यानं रडताही आलं नाही.