वाणात दिलेला यंत्रमानव

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी वाट्या दिल्या नाहीत, डबे दिले नाहीत. मी माझी कादंबरी दिली. मुखपृष्ठावर चाळीस मजली यंत्रमानव आणि त्याच्या पायाखाली आमचं मुलुंड. प्रकाशक दारात उभं करेनात, म्हणून स्वतःच छापून घेतलेली. वाण काही कुणी परत करत नाही. आणि मला ते एकाच बाईच्या पदरात घालायचं होतं, माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या. बाकीच्या सतरा जणी निमित्ताला.

मी भांडुपच्या एका कारखान्यात क्रेनची ड्रॉइंग्ज काढते. लोखंडाचा सांधा किती वजनाला वाकतो ते मला कळतं. त्या जोरावर दोन वर्षं, डब्याच्या सुट्टीत, एका जाड वहीत यंत्रमानवांची गोष्ट लिहिली. ती संपली आणि त्याच दिवाळीत वही गायब! जाऊबाई आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात, आमची जादा किल्ली त्यांच्याकडे. मी ऑफिसात असताना त्यांनी न विचारता आमचं घर आवरलं आणि वही रद्दीवाल्याला दिली. वर म्हणाल्या, "अगं, जुनी वाटली. मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. मी आपलं चांगल्यासाठीच करते." हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचं पालुपदच. वही उघडली नाही म्हणून देवाची शपथसुद्धा घेतली. नवरा म्हणाला, जाऊ दे ना यार. जाऊ दे म्हणे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुढच्या वर्षभरात मी सगळी गोष्ट पुन्हा लिहिली. शेवट मात्र नवा केला. यंत्रमानवांवर हुकूम सोडणारी एक महानियंत्रक वहीतही होतीच, तिच्या तोंडी सारखं एकच वाक्य: मी आपलं चांगल्यासाठीच करते. आता शेवटी यंत्रमानव चालवणारी पायलट पोरगी तिला त्याच्या चिमटीत उचलते आणि कांजूरमार्गच्या डंपिंगच्या कचऱ्यात गाडून टाकते. ते पान लिहिताना मी गुणगुणत होते, खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांत बिल्डिंगभर झालं. जाऊबाई लिफ्टमध्ये शिरल्या की कुणीतरी हळूच "चांगल्यासाठीच हं" म्हणायचं आणि बाकीच्या फिसकन हसायच्या. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

रथसप्तमीच्या आदल्या दुपारी त्या वर आल्या. लिफ्ट सोडून जिन्याने, धापा टाकत, हातात पुस्तक. मी मेथी निवडत बसले होते.

"हा कसला गं शेवट केलास? त्या दोघी पवईच्या तळ्याकाठी बसतात ना? पोरगी तिला माफ करते ना?"

माझे हात थांबले. तळ्याकाठचं ते पान फक्त वहीत होतं. मी ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"ताई, तुम्ही तर वही उघडूनसुद्धा पाहिली नव्हती."

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. खुर्ची ओढून बसल्या.

"सगळी वाचली होती," त्या म्हणाल्या. "दोन दुपारी बसून."

"आणि तरी रद्दीत घातलीत?"

"वाचली म्हणूनच घातली. ती बाई मीच आहे हे न कळायला मी काय दूधखुळी आहे? वर तू मला माफ करणार! तेव्हा मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

खरं सांगायचं तर काही नाही. भाजीत मीठ जास्त, साडी भडक, असल्या टोचण्या. पण कबूल करायला मी त्या दिवशी बसलेच नव्हते.

"तेव्हा नव्हतं केलंत," मी म्हणाले. "नंतर केलंत. म्हणून शेवट बदलला."

त्या पुस्तक टेबलावर ठेवून उठायला लागल्या.

"वाण आहे ताई, ते घेऊन जा. किल्ली तेवढी द्या."

कमरेचा जुडगा काढून त्या आमची किल्ली सोडवायला लागल्या. कडी उघडता उघडेना. मी मेथी निवडत राहिले.