दुसऱ्या मैदानावरची मॅच

आमच्या अण्णांना चांगली बातमी सांगायची म्हणजे पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेल्यासारखं व्हायचं. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "दुसऱ्या मैदानावरची मॅच संपली का?" शेजारच्या काकू मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला हौसेने आल्या होत्या. हे वाक्य ऐकून त्या तशाच जिना उतरून गेल्या. अण्णांना ऐकू कमी येतं, असं त्यांनी पुढे चार घरी सांगितलं.

अण्णांचे कान उत्तम होते. ते असे का बोलायचे हे आम्हाला घरात माहीत होतं आणि मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

नाशिकच्या द्वारका चौकात, म्हणजे आमच्या भाषेत द्वारकेवर, अण्णांचं फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि आम्ही दुकानाच्या वरच राहत होतो. गिऱ्हाईक बहुतेक दिंडोरीकडचं, द्राक्षबागांवालं. जर्मनांनी विश्वचषक जिंकला त्या वर्षी अण्णांना फुटबॉलचा नाद लागला. पुढे केबल आली, शनिवारी संध्याकाळी जर्मन लीगचे सामने दिसू लागले, आणि मग काही विचारू नका. आजूबाजूला सगळं नाशिक क्रिकेटने झपाटलेलं. अण्णा म्हणायचे, "क्रिकेटला काय, कुणीही वेडं होतं. त्यात स्वतःचं असं काय आहे?"

त्यांनी दोन माणसं या नादाला लावली. एक समोरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातले बागूल काका, आणि दुसरे देवळ्याचे आहेर. आहेरांचा कांद्याचा धंदा होता आणि त्या निमित्ताने ते दर आठवड्याला शहरात यायचे. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की तिघांची चर्चा सुरू व्हायची. काउंटरवर पितळी नोझल एका बाजूचे खेळाडू, काळे वॉशर दुसऱ्या बाजूचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं. एकदा एका बागायतदाराने समोरचा नोझल उचलला, तर अण्णांनी त्याचा हात धरला. "थांबा हो, तो लेफ्ट बॅक आहे. तुम्हाला आतून दुसरा देतो." तो गृहस्थ म्हणाला, "अण्णा, माझ्या बागेवर भुरीचा रोग आलाय, तुमचं काय चाललंय?" पण चर्चा संपेपर्यंत तोही थांबला, आणि जाताना पेनल्टी द्यायला हवी होती की नाही यावर मत देऊन गेला.

बागूल काकांनी दक्षिणेकडचा श्रीमंत संघ धरला होता. तो दर दोन वर्षांनी जिंकायचाच. अण्णांनी मात्र कोळशाच्या खाणींच्या गावचा, निळ्या शर्टांचा संघ आपला मानला. त्या संघाला लीग जिंकून कित्येक वर्षं झाली होती. आईने एकदा विचारलं, "अहो, हरणारेच का निवडलेत?" तर म्हणाले, "जिंकणाऱ्यांकडे माणसं पुष्कळ आहेत. यांना माझी गरज आहे." जर्मनीतल्या त्या गावात द्वारकेवरचा एक पंपवाला आपल्यावर जीव टाकतोय हे कुणाला ठाऊक असणार होतं? पण अण्णांचं बोलणं मनापासून होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात होते तेव्हा एका हंगामात तो संघ खरोखर वर आला. शेवटच्या शनिवारी सगळे सामने एकाच वेळी होते. अण्णांचा संघ जिंकला आणि दुसऱ्या शहरात बागूल काकांचा संघ हरला, तर अण्णांचा संघ चॅम्पियन. दुकानातल्या टीव्हीवर अण्णांच्या संघाचा सामना लागला होता. तिघं आत बसलेले. आई आणि मी वरच्या गॅलरीत उभ्या होतो, कारण आत घामाने आणि आरडाओरड्याने उभं राहवत नव्हतं.

अण्णांचा संघ जिंकला. बागूल काकांचा संघ तिकडे हरलाय अशी बातमी मैदानात पसरली, लोक कुंपणावरून उड्या टाकून आत धावले, फटाके वाजू लागले. अण्णा दुकानातून बाहेर पडले ते थेट शेजारच्या मिठाईवाल्याकडे. पेढ्यांचा पुडा घेऊन ते भर चौकात गेले. रिक्षावाल्यांना पेढा, ट्रॅफिक हवालदाराला पेढा, घोटीच्या जीपमध्ये बसलेल्या बायकांना पेढा. "काय झालं हो अण्णा, नातू झाला का?" असं कुणी विचारलं, तर म्हणाले, "आम्ही चॅम्पियन झालो." आणि मग ते नाचले. पन्नाशीचा माणूस, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, दोन्ही हात वर करून नाचत होता. आई गॅलरीचा कठडा धरून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी खाली बघून हसत होते.

बातमी खोटी होती. दुसऱ्या मैदानावरची मॅच संपलेलीच नव्हती. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर ती दिसू लागली, आणि शेवटच्या क्षणी बागूल काकांच्या संघाने फ्री किकवर गोल केला. बरोबरी त्यांना पुरेशी होती. अण्णांचा संघ चार मिनिटं चॅम्पियन होता.

हे टीव्हीसमोर बसलेल्या दोघांनाच कळलं. आहेर जागचे हलले नाहीत. बागूल काका मात्र दुकानाच्या पायरीवर आले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, पेढे परत मागा. आम्ही गोल केला." रिक्षावाले हसले. हवालदाराच्या हातात अर्धा पेढा तसाच होता, तोही हसला. पुडा हातात तसाच धरून अण्णा दुकानात गेले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

तेव्हापासून द्वारकेवर त्यांचं नाव 'चॅम्पियन' पडलं. फुटबॉलचा फ माहीत नसलेली माणसंही "काय चॅम्पियन, वॉशर आले का?" म्हणून विचारू लागली. दर वर्षी हंगाम संपला की बागूल काका पेढ्यांचा पुडा पाठवायचे. त्यात त्यांना गंमत वाटायची. अण्णा तो पुडा उघडून गिऱ्हाइकांपुढे ठेवायचे. सोमवारची चर्चा बंद झाली. आहेर एकदा मुद्दाम येऊन बसले आणि म्हणाले, "अण्णा, सोडा ना आता. चेष्टा व्हती ती. लय मनाला लावून घेतलं तुम्ही." अण्णांनी त्यांना चहा पाजला, कांद्याचा भाव विचारला आणि विषय संपवला.

ही चेष्टा त्यांच्या एकट्यापुरती राहिली असती तर मी आज हे लिहायला बसले नसते. पण तिची झळ मला लागली. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी धावत जिना चढून आले. अण्णा म्हणाले, "दुसरी यादी लागायची आहे ना अजून?" पहिल्या यादीत नाव आल्यावर दुसरीचा काय संबंध, हे मी त्यांना समजावत बसले. पुण्यात नोकरी लागली, तर म्हणाले, "प्रोबेशन संपू दे." प्रोबेशन संपलं, तर म्हणाले, "आजकाल कंपन्यांचं काही खरं नाही." मला फार काही नको होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून "छान झालं गं" म्हणावं, एवढंच हवं होतं. मी त्यांच्यासारखीच हट्टी. तेवढ्यासाठी मी किती वर्षं एकेक बातमी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले, ते माझं मला माहीत.

शेवटी एकदा न राहवून मी म्हणाले, "अण्णा, एकदा तरी म्हणा ना, छान झालं म्हणून."

"म्हणेन की. घाई कशाला? आनंद कुठे पळून जातोय?"

"जातो, अण्णा."

त्यावर ते वर्तमानपत्र उलगडून वाचू लागले.

माझ्या लग्नात ते कोपऱ्यात घड्याळ बघत उभे होते. फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा हसा की, मुलीचं लग्न आहे." ते म्हणाले, "वऱ्हाड सुखरूप निघू दे." मला मुलगी झाली, तेव्हा बारशाला आले, तिला मांडीवर घेतलं, तिची बोटं एकेक करून उलगडून पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "दात येईपर्यंत मुलांचं फार जपावं लागतं."

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच चीड यायची. माझी फी त्यांनी कधी एक दिवस उशिरा भरली नाही. पुण्याहून बस उशिरा आली तर पाऊस असो, ऊन असो, स्टँडवर उभे असायचे. सगळं दिलं. मला हवं तेवढंच फक्त दिलं नाही.

मग त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम झालं, काळजीचं कारण नाही." मी आत जाऊन अण्णांना ते सांगितलं. त्यांना बोलायला त्रास होत होता. तरी ओठ हलले. "बघू," म्हणाले. मला इतका संताप आला की मी बाहेर येऊन बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले. त्यांचंच खरं ठरलं. इतकी वर्षं ते ज्या वाईटाची वाट बघत बसले, ते अखेर झालं, आणि त्यांच्याशी भांडायची सोय मला उरली नाही.

दहाव्यानंतर बागूल काका भेटायला आले, सोबत आहेर होते. घरात नातेवाईक बसले होते. बागूल काकांचे डोळे खरंच भरून आले होते. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण अण्णांविषयी बोलायचं म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचली. ते पेढ्यांची हकिकत सांगू लागले. हवालदाराचा अर्धा पेढा आला, आणि एकदोन जण तोंडावर हात ठेवून हसले. आहेर मान खाली घालून म्हणाले, "राहू द्या ना, बागूलशेठ." बागूल काका म्हणाले, "अरे, प्रेमानेच सांगतोय. काय दिलदार माणूस. वहिनी, तुम्ही पाहिलंच असेल ना वरून?"

आई भिंतीला टेकून बसली होती. त्या शनिवारबद्दल ती आजवर कधी बोलली नव्हती.

"पाहिलं ना," ती म्हणाली. "आमच्या लग्नात पाहिलं, ही झाली तेव्हा पाहिलं, पण त्या दिवशीइतके आनंदात ते मला कधी दिसले नव्हते. नंतरही नाही दिसले."

मग ती बागूल काकांकडे वळली.

"भाऊजी, गोल तर झालाच होता. तो काही परत जाणार नव्हता. तुम्ही जरा उशिरा बाहेर आला असता तर काय बिघडलं असतं?"