जेवणानंतरची गोळी

तुमच्या आईने फोनवर तुम्हाला "आजोबांना जरा अशक्तपणा आला होता" एवढंच सांगितलं. ते अपुरं आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

फुप्फुसांच्या आजारासाठी आजोबा गेल्या दिवाळीपासून रोज सकाळी स्टेरॉइडची गोळी घेत होते. आठवड्याच्या गोळ्या मी दर रविवारी वारांच्या डबीत भरते. नवरात्रात त्यांनी नेहमीसारखे नऊ दिवस उपास धरले, फक्त दूध आणि फळं. डबीतले कप्पे रोज रिकामे दिसत होते, मी निश्चिंत. पाचव्या दिवशी सकाळपासून उलट्या, आणि मग बाथरूमच्या दारातच ते कोसळले. मुलुंडचा आमचा रस्ता खोदलेला, रिक्षा आत येईना. शेवटी शेजाऱ्यांनी गाडी काढली.

रक्तदाब इतका उतरला होता की नर्सने दोनदा मोजला. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, स्टेरॉइड चालू आहे ना?"

"ती जेवणानंतरची गोळी," आजोबा पुटपुटले. "उपासात जेवण कुठलं?"

पाचही गोळ्या नंतर चष्म्याच्या जुन्या घरात सापडल्या. दसऱ्यानंतर घेणार होते म्हणे.

"अहो, मला विचारायचं तरी."

"तू उपास मोडायला लावलं असतंस गो."

डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन समजावलं. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराला लागणारं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बनवा, असा हुकूम मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हॉर्मोन पाठवून देते. गोळीतून आयतं मिळू लागलं की पिट्युटरी हुकूम सोडत नाही आणि अ‍ॅड्रिनल सुस्तावतात. अशा वेळी गोळी अचानक बंद केली तर शरीराला काहीच मिळत नाही. "अजून उशीर झाला असता तर हाती लागले नसते," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षांचा संसार, आणि माणूस जाणार होता कशापायी, तर औषधाच्या चिठ्ठीवरच्या "जेवणानंतर" या एका शब्दापायी.

इंजेक्शन आणि सलाईन लागल्यावर दुपारपर्यंत चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर पुन्हा आल्या. गोळी बंद करायची तर महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत, आणि तीही त्यांनी सांगितल्यावरच. "उपास असेल तर दुधाबरोबर घ्या, चालतं."

आजोबा उशीवरून माझ्याकडे वळले. "बघ. दुधाबरोबर चालते. हे आधी कोणी सांगितलं का मला?"

पाचही सकाळी दुधाचा पेला मीच त्यांच्या हातात दिला होता. पण सलाईन अजून संपायची होती, म्हणून ते बोलणं मी घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.