जन्मगाव कराची

अगं पोरी, जवळ ये जरा. कर्जाच्या फॉर्मवर न वाचताच सही केलीस? शहाणीच आहेस!

आणीबाणीच्या आसपास आमच्या वसईतल्या माणिकपूरच्या कचेरीत एक कारकून होते. नाव कधी विचारलंच नाही. कपाळाला गंध, कानामागं पेन्सिल, आणि फॉर्मची ओळन् ओळ मोठ्यानं वाचायची सवय. सरकारी घरकर्ज भारतीय नागरिकालाच मिळायचं. आमच्या ह्यांचा जन्म कराचीचा. सासरे तिथं नोकरीला होते, फाळणीआधीच सगळे वसईला परतले. मी हळूच म्हटलं, "जन्मगाव वसई लिहा की साहेब, कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, बाई!" असे कडाडले की कचेरी हसायला लागली. वाटलं, गेलं आपलं घर.

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटली, तर तेच कारकून देवळात शिरावं तसे चपला काढून चर्चच्या दारात उभे! फादरांकडे सासऱ्यांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागत होते. मला बघून म्हणाले,

"बाप वसईत जन्मला, मुलगा फाळणीआधी इथं आला, म्हणजे भारतीयच. मग खोटं कशाला लिहायचं, बाई?"

कर्ज मंजूर झालं. फॉर्मवर ह्यांनी 'कराची' असंच लिहिलं होतं, ताठ मानेनं.

त्याच कर्जातून बांधलेलं आमचं घर तू अजून पाहिलं नाहीस. लवकर ये गं, ह्यांनाही बरं वाटेल.